सायलसने मागवलेले टोप

ब्रिस्टलहून आलेल्या पेट्या टेसी लॉकयरने वखारीत स्वतः उघडल्या आणि मग बराच वेळ ती एका पिंपावर बसून राहिली. खिळे आणि लोकरीचं कापड येईल अशी तिची अपेक्षा होती. पेट्यांतून निघाले केसांचे टोप. कुरळे, पांढरी पावडर लावलेले, मागे रेशमी फितीने बांधलेली शेपटी असलेले, असे बारा डझन.

फिलाडेल्फिया शहर मोठं होतं आणि टोप घालणारी डोकीही तिथे होती. पण लॉकयरांची ऊठबस सगळी क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींत. तिथले पुरुष काळी रुंद टोपी डोक्यावर ठेवत, ती गव्हर्नरसमोरही काढत नसत, आणि गव्हर्नरलाही खुशाल ‘अरे-तुरे’ करत. त्यांना शेपटीचा टोप विकायचा म्हणजे माशाला छत्री विकण्यासारखं.

पेट्यांबरोबर जोनस क्रेडॉकचं पत्र होतं. जोनस तिचा मामेभाऊ. दोघं लहानपणी ब्रिस्टलला एकाच अंगणात खेळलेले. पुढे टेसी आणि तिचा थोरला भाऊ सायलस बापाबरोबर समुद्र ओलांडून इकडे आले, जोनस तिकडेच राहिला आणि मोठा व्यापारी झाला. इकडून पीठ आणि लोखंडाच्या कांबी जायच्या, तिकडून कापडचोपड यायचं. पत्रात त्याने लिहिलं होतं: ‘सायलसच्या मागणीप्रमाणे माल पाठवला आहे. दोनशे चौदा पौंड झाले, ते सवडीने पण लवकर पाठवावेत. तिकडच्या सगळ्या मंडळींना एकदम टक्कल पडलं की काय, तेही कळव. आम्ही काळजीत आहोत.’

टेसी हसली नाही. सायलसने ही मागणी कधी केली असेल, ते तिला बरोबर ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत सायलससारखा व्यापारी त्या धक्क्यावर दुसरा नव्हता. पिठाच्या पोत्यात हात घालून तो गहू कुठल्या खोऱ्यातला ते सांगायचा. मग त्याच्या मनाला काहीतरी झालं. वसंतात तो पहाटेच उठायला लागला, धक्क्यावर मोठमोठ्याने गायला लागला, अनोळखी खलाशांना जेवायला घरी आणायला लागला. झोप नाही, थकवा नाही, रोज नवा बेत आणि बेताबरोबर पत्रं. आणि शरद आला की तोच माणूस वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचा. बोलायचा नाही, दाढी करायचा नाही, सूप चमच्याने भरवावं तर दोन घोटांवर तोंड मिटायचा.

इस्पितळात ठेवा, असं एका डॉक्टरने सुचवलं होतं. टेसीने त्याची फी दिली आणि त्याला पुन्हा बोलावलं नाही. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सायलस तेवढा होता. शिवाय व्यापार म्हणजे झाकली मूठ. भागीदाराचं डोकं ठिकाणावर नाही असं एकदा बाजारात कळलं, की सगळे घेणेकरी एकाच सकाळी दारात उभे राहतील, हे तिला पक्कं माहीत होतं.

पण क्वेकर बाईला खोटं बोलता येत नाही. तेव्हा टेसीने एक कला साधली होती. ती ब्रिस्टलला लिहायची: ‘सायलस सध्या घरातच असतो. इकडे हवा फार वाईट आहे.’ दोन्ही वाक्यं खरी. त्यांची सोयरीक जोडायची की नाही, ते वाचणाऱ्याने बघावं. जोनसने दोन-तीनदा जोडली, सर्दीवर काढा लिहून पाठवला. नंतर लिहिलं: ‘तुमच्याकडची हवा वर्षभर वाईटच दिसते. तिथे माणसं राहतात तरी कशाला?’

टोप विकणं भाग होतं. काही न्हाव्यांनी घेतले, काही गव्हर्नरच्या कचेरीतल्या कारकुनांनी. बाकीचे पेटीत पडून राहिले. अशात शहराच्या वेशीबाहेर एक नाटक कंपनी उतरली. त्यांच्याकडे राजे-सरदार पुष्कळ, केस मात्र कोणाचेच धड नव्हते. मॅनेजरने एकदम चाळीस टोप घेतले आणि रोख दिले.

तिसऱ्याच दिवशी दुपारी कॅलेब हॅटन आला. हा क्वेकरांच्या प्रार्थनासभेतला वडीलधारा, धंद्याने दोरखंडवाला, उंच, हाडकुळा, आणि सावकाश बोलणारा. तो आला की लोक आधी आपलं काय चुकलं ते आठवायला लागत. टेसीने त्याला बसायला खुर्ची दिली, सफरचंदाचा रस दिला. त्याने ग्लास तसाच हातात धरला.

“टेसी, तू नाटकवाल्यांना टोप विकलेस असं ऐकलं.”

“विकले.”

“नाटक म्हणजे सोंग. सोंग म्हणजे खोटं. तू खोट्याला टोप घातलास.”

“कॅलेब, तुझे दोर आरमाराची जहाजं घेतात ना?”

“घेतात.”

“मग ते लढायला कुठे चाललेत, हे विचारतोस का त्यांना? आपल्याला तर लढाईसुद्धा वर्ज्य आहे.”

कॅलेबने रसाचा एक घोट घेतला. “मुळात टोप मागवलेच का, हा माझा प्रश्न आहे,” तो म्हणाला. “सायलस असलं काही करणारा नव्हता. तो सभेला दिसत नाही. कुठे आहे तो?”

टेसीने तोंड उघडलं, तेवढ्यात दार वाजलं. दारात एक जाडजूड म्हातारा उभा होता. चेहरा कच्च्या कैरीच्या रंगाचा, कोट अंगाला ढगळ, आणि एक हात चौकटीवर घट्ट. जणू चौकट सोडली तर घर हलायला लागेल.

“टेसे,” तो म्हणाला, “बसायला असं काहीतरी दे, जे डोलत नाही.”

तिने त्याला आवाजावरून ओळखलं. तीस वर्षांनी दिसला होता, पण टेसे म्हणणारा जगात एकच होता.

“जोनस? तू तर बोटीला घाबरतोस.”

“घाबरतो. आठ आठवडे घाबरत होतो.” तो बाकावर धप्पकन बसला. कॅलेबकडे बघून त्याने मान हलवली आणि इकडेतिकडे पाहत विचारलं, “सायलस कुठाय?”

आता दोघं तिच्याकडे बघत होते. टेसी म्हणाली, “वर आहे. इकडे हवा जरा—”

“वाईट आहे,” जोनसने वाक्य पुरं केलं. खिडकीबाहेर ऑक्टोबरचं इतकं लख्ख ऊन पडलं होतं की समोरच्या छपरावरच्या चिमण्या मोजता आल्या असत्या. कॅलेबने खिडकीबाहेर पाहिलं, मग टेसीकडे. तो ग्लास ठेवून उठला.

“मी पुन्हा येईन,” तो दारातून म्हणाला. “हवा बरी झाली की.”

तो गेल्यावर टेसीच्या डोळ्यांना जे इतके महिने आलं नव्हतं ते पाणी आलं. जोनसने ते पाहिलं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही. त्याने कॅलेबचा उरलेला रस पिऊन टाकला.

“तुला कधी कळलं?” तिने विचारलं.

“टोपांची मागणी बावीस पानी होती. पहिली एकोणीस पानं अशी की वाटलं, सायलस पंतप्रधान व्हायला हवा. विसाव्या पानावर टोप.”

“मग पाठवलेस कशाला?”

जोनसने आपले बूट बघितले. “बारा डझन टोपांवर नफा चांगला सुटत होता. मी विचार केला, त्याला काहीतरी ठाऊक असेल, जे मला नाही.”

“म्हणजे अर्धा वेडेपणा तुझा.”

“बोलण्यापुरता अर्धा. हिशेबात पाव.”

“जोनस.”

“बरं, माझा नफा सोडतो. एकशे साठ पौंड दे, तीन वर्षांत, व्याज नाही. त्यापेक्षा खाली आलो तर माझी बायको मलाच विकेल.” मग तो आवाज खाली आणून म्हणाला, “माझ्या बापाचंही असंच होतं, टेसे. तुला ठाऊक नसेल. तुम्ही इकडे आल्यावर सुरू झालं. आम्ही त्याला मागच्या खोलीत ठेवला आणि बाहेर सांगत राहिलो की तो गावाला गेलाय. नऊ वर्षं गावाला होता तो. तुझं हवेचं तिसरं पत्र आलं, तेव्हा म्हटलं, आता जायला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी जोनस वर गेला. सायलस भिंतीकडे तोंड करून पडला होता. जोनसने कसा आहेस विचारलं नाही. खुर्ची ओढून तो बोटीच्या प्रवासाबद्दल बोलू लागला. कुठल्या दिवशी काय खाल्लं आणि ते पोटात किती वेळ टिकलं, कप्तान कसा शिट्टी वाजवायचा, शेजारच्या खाटेवरचा पाद्री झोपेत कसा शिव्या द्यायचा. जेवणाच्या वेळी खाली आला, जेवला, पुन्हा वर गेला आणि राहिलेलं पुढे सुरू केलं. रोज हेच. टेसी जिन्यात थांबून ऐकायची. वरून एकाचाच आवाज यायचा. तिला वाटायचं, आता सायलस बोलला नाही तरी चालेल, पण जोनसने थोडं थांबावं.

आठवडाभराने पाद्र्याची गोष्ट तिसऱ्यांदा चालू असताना भिंतीकडून आवाज आला.

“तू फार बोलतोस, जोनस.”

“हो,” जोनस म्हणाला. “सगळे म्हणतात.”

“आणि बुटांना चांदीची बकलं लावलीस. क्वेकर ना तू?”

“ब्रिस्टलचा.”

सायलस त्याच्याकडे वळला. हसला नाही, पण त्या संध्याकाळी त्याने सूप स्वतःच्या हाताने प्यायलं, आणि रविवारी न्हाव्याला वर येऊ दिलं.

सायलसच्या मनात असा हळूहळू उजेड परत यायला लागल्यावर एका दुपारी तिघं वरच्या खोलीत बसले होते. जोनसने विषय काढला. पुढच्या वसंतात सायलस उठेल, पुन्हा पत्रं लिहील, तेव्हा आपण ब्रिस्टलला त्यांचं काय करायचं?

“काही करायचं नाही,” टेसी घाईने म्हणाली. “मी बघेन. टपाल माझ्या हातून जाईल.”

“तुझ्या हातून गेलं असतं तर टोप आले नसते,” जोनस म्हणाला.

“मी माझ्या भावाची पत्रं फोडणार नाही. पेढीवर त्याचं नाव आधी आहे.”

सायलस इतका वेळ हातांकडे बघत होता. “टेसी,” तो म्हणाला, “माझ्यासाठी तू किती दिवस हवा वाईट करणार आहेस?” त्याने दौत मागितली. अक्षर लहान मुलासारखं येत होतं, पण कोणाला लिहू दिलं नाही. लिहिलं ते एवढंच: माझ्या सहीने येणारी कुठलीही मागणी, खाली टेसीची सही असल्याशिवाय खरी मानू नये.

जोनसने कागद वाचला, उलटून पाहिला. “हे तरी शहाण्या माणसाने लिहिलंय कशावरून?”

“एका पानात संपलं,” सायलस म्हणाला.

टेसी आधी हसली आणि मग तिला हसू आवरेना. सायलसही हसला, जरासाच. असं हसणं त्याच्या चेहऱ्यावर तिने फार दिवसांनी पाहिलं.

नदी गोठायच्या आधीची शेवटची बोट जोनसने धरली. जाताना टेसीने त्याला आल्याच्या वड्या दिल्या आणि एकशे साठांतले पहिले वीस पौंड दिले. त्याने ते बोटीच्या फळीवर उभं राहून दोनदा मोजले, म्हणजे पाण्याकडे बघावं लागू नये.

मार्चमध्ये सायलस उठलाच. कागद काही जादूचा नव्हता. त्याने ब्रिस्टलला चौदा पानांचं पत्र धाडलं: पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरांत ओझी वाहायला उंट आणावेत, निदान दोन, एक मादी. जोनसचं उत्तर आलं: ‘उंटांची चौकशी केली, महाग आहेत आणि स्वभावाने वाईट. शिवाय टेसीची सही दिसली नाही. ती उंटांच्या विरुद्ध आहे का?’ सायलस भयंकर चिडला. बहिणीने आपल्याला नजरकैदेत टाकलंय असं त्याने दोन रस्त्यांवर सांगितलं, आणि चार दिवस तिच्याशी बोलला नाही. टेसी वखारीत जाऊन रडली. पण बोट भरून काही आलं नाही.

रस्त्यांवर सांगितल्याने मूठ उघडलीच. टेसीला वाटलं होतं तसे घेणेकरी एकाच सकाळी आले नाहीत. दोघं आले, एकाला तिने पैसे दिले, दुसऱ्याला जोनसचं उंटांचं पत्र दाखवलं, म्हणजे तिच्या सहीशिवाय माल येत नाही हे त्याला कळावं. आणि मग शरदात, सायलस पुन्हा वर गेल्यावर, कॅलेब हॅटन आला. या वेळी टेसीने हवेचा विषय काढला नाही.

“तो आजारी आहे, कॅलेब. मनाने. मी आधी सांगायला हवं होतं.”

“मला त्याच दिवशी कळलं होतं,” कॅलेब म्हणाला. “वर जाऊ?”

तो वर गेला, टोपी न काढता खुर्चीवर बसला, आणि तासभर एक अक्षर बोलला नाही. सभेत जसे सगळे गप्प बसत, तसा बसला. मग उठला, घरी गेला, आणि पुढच्या गुरुवारी परत आला. तो सगळा हिवाळा दर गुरुवारी येत राहिला.

सायलस त्या वर्षी लवकर सावरला. फेब्रुवारीतच त्याने जोनसला छोटं पत्र लिहिलं, खाली टेसीने सही केली. पिठाचा भाव, कांबींचा भाव, आणि शेवटी एक ओळ: ‘कॅलेब येऊन बसतो. तुझ्याइतकाच बरा वाटतो, शिवाय बोलत नाही.’

ही ओळ जोनसला खरोखरच लागली. पुढची तीन पत्रं त्याने फक्त धंद्याची लिहिली.