मान डोलावणं म्हणजे चार्ज नव्हे

आजोबांना जाऊन वर्ष झालं, तेव्हा सगळ्यांनी जमून त्यांच्या आठवणी काढायच्या, ही कल्पना मोठ्या काकांची. त्यात त्यांचा फायदा उघड होता. वर्षभर इकडे न फिरकल्याचं सगळं एका संध्याकाळीत धुऊन निघणार होतं. शिवाय आजोबांना निवृत्तीच्या वेळी मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ 'आठवण म्हणून' नेता येणार होतं. ते गुंडाळायला त्यांनी घरून जुनी चादरही आणली होती. काकांची दूरदृष्टी ही अशी, वस्तूंपुरती.

फायदा मलाही हवाच होता. सोमवारी मला दुसऱ्या गावी नोकरीवर रुजू व्हायचं होतं. दोनदा मुदत वाढवून घेतली होती. आता विचारलंत तर जागा दुसऱ्याला, असं तिथल्या साहेबांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. म्हणजे त्याआधी अक्काला कुणीतरी घेऊन जायला हवं होतं. अक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर भावाकडे राहिली, आता डोळ्यांना जेमतेम उजेड-अंधार कळतो. ती कुणाचीच आई नाही, ही तिची मोठी अडचण. मीही आईबाबा लवकर गेल्याने याच घरात वाढलेली. तिची वेणीफणी करणं ओघाने माझ्याकडे आलेलं.

आजोबा रेल्वेत केबिनमन होते. रुळांच्या कडेच्या उंच खोलीत उभे राहून लिव्हर ओढायचे, कुठली गाडी कुठल्या रुळावर जाणार ते त्यांच्या हातात. ड्युटी संपली की पुढच्या माणसाला सांगायचं, कुठे काय उभं आहे. त्याने ते तोंडाने परत म्हणायचं. म्हटलं, की चार्ज गेला. तोवर जागा सोडायची नाही. ही सवय ते जेवणाच्या रिकाम्या डब्याबरोबर रोज घरी घेऊन यायचे. "दूध तुझ्याकडे," म्हणायचे, पण "दूध माझ्याकडे" ऐकल्याशिवाय गॅसपासून पाऊल हलत नसे. लहानपणी मी मुद्दाम गप्प बसायचे आणि ते हसू दाबत तिथेच खांबासारखे उभे. आमच्या घरात दूध कधी उतू गेलं नाही.

दवाखान्यात शेवटच्या दुपारी त्यांच्या खाटेभोवती आम्ही सगळे होतो. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "अक्का तुझ्याकडे." ते कुणाकडे बघून म्हणाले, यावर अजून वाद आहे. उत्तर मात्र मी दिलं.

तर त्या संध्याकाळी काकांनी आजोबांची, म्हणजे त्यांच्या अप्पांची, एक गोष्ट सांगितली. "अप्पांना पाळीवरून सोडवायला आलेला माणूस झिंगत आला. अप्पा म्हणाले, तीन नंबरवर मालगाडी आहे. त्याने नुसती मान डोलावली. अप्पा म्हणाले, मान डोलावणं म्हणजे चार्ज नव्हे. त्याला बाकावर झोपवलं आणि दुसरी पाळीही स्वतःच उभे राहिले."

काकांचा आवाज भरून आला. आत्याने रुमाल काढला. गोष्ट छानच सांगितली त्यांनी, खोटं का बोला. मला तवा तापलेला दिसला.

"काका, अक्का तुमच्याकडे."

काकांनी मान डोलावली.

"मान नको, काका."

"अगं, अक्का काय, सगळ्यांचीच आहे."

"सगळ्यांची म्हणजे कुणाकडे?"

"फार वकिली करतेस हं तू," काकू म्हणाली. "आमच्याकडे मांजर आहे. अक्कांना मांजर चालत नाही."

"मला चालतं," कोपऱ्यातल्या खुर्चीतून अक्का म्हणाली. ती झोपली आहे अशी सगळ्यांची सोयीची समजूत होती. "मांजराला विचारलंत का?"

"मी तर एका पायावर नेलं असतं," आत्या म्हणाली. "पण आमचा जिना..."

"एका पायावर जिना अवघडच," अक्का म्हणाली.

"बघू. सगळे बसून ठरवू," काका म्हणाले. सगळे बसलेलेच होते.

"वर्षभर बघताय," माझा आवाज चढला. "नुसतं 'अक्का माझ्याकडे' एवढं म्हणायचंय. कुणालाच जमत नाही?"

आत्या रुमालाची घडी घालू लागली. काकू कपबशा गोळा करू लागली. एरवी ती कपबशांना हात लावत नाही.

"अक्का माझ्याकडे," अक्का म्हणाली.

खोलीचा जीव भांड्यात पडला. काय खंबीर बाई, जुनं हाड ते, असं दोघातिघांनी म्हणून घेतलं. काकांनी चादर उलगडली.

"थांबा, कॉफी करते," म्हणत अक्का भिंत चाचपत आत गेली. "आणि कुणी मागे यायचं नाही. दूध माझ्याकडे."

थांबलं कुणीच नाही. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. काका घड्याळ छातीशी धरून अर्धा जिना उतरले, तिथे नाक वर करून म्हणाले, "काहीतरी करपतंय गं," आणि उरलेला अर्धा उतरले.

गॅसवर दोन पातेली होती. एकात नुसतं पाणी. त्यासमोर अक्का सांडशी धरून, कान देऊन, थेट आजोबांसारखी ताठ उभी होती. शेजारच्या शेगडीवर दूध उतू जाऊन तळाला काळं झालं होतं.

"अजून वर आलं नाही," ती म्हणाली.

"वास येतोय ना तुला?"

"येतोय. शेजारच्यांकडे असेल."

मी गॅस बंद केला. दारातून दिसणाऱ्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर घड्याळाच्या जागी स्वच्छ गोल डाग उरला होता, त्याच्याकडे बघून मला आजोबांचा राग आला. एवढ्या सगळ्यांतून त्यांनी उत्तर देणारं माणूस बरोबर हेरलं होतं. त्यांना उत्तर मिळालं, ते सुटले. जागा सोडताना, पुढे मला कोण सोडवेल, हे त्यांनी सांगितलंच नाही.

"दूध माझ्याकडे," मी सांडशी घेत म्हटलं.

"आणि मी?"

मी मान डोलावली. तिला ती दिसली नाही, आणि दिसली असती तरी चालली नसती. ती जागची हलेना. मी करपलेलं पातेलं मोरीत ठेवलं, नळ सोडला. ती नुसती उभी.

"तू माझ्याकडे," मी म्हटलं. मग ती खुर्चीत जाऊन बसली.

हिशेब सरळ आहे. काकांनी एक गोष्ट दिली आणि घड्याळ नेलं. आत्याने रुमाल भिजवला. काकूने मांजर पुढे केलं. अक्काने जन्मात पहिल्यांदा दूध घालवलं. सोमवार मी दिला, आणि पातेलंही मीच घासलं.