आकाराम आबांचं दावं

बिरदेव कुपवाडच्या पंपांच्या कारखान्यात नेटवर्क सांभाळायचा. आटपाडीत त्याच्या बापाला, आकाराम आबांना वाटायचं, पोरगं डबड्यावरच्या दिव्यांकडं बघायचा पगार घेतं. खात्री करायला ते एक दिवस खांद्यावर घोंगडं टाकून येऊनच बसले.

"ह्यो स्विच," बिरदेवनं दाखवलं. बहुतेक भोकांत वायर, वायरीपल्याड एकेक संगणक. "संगणकातनं निघालेलं बोलणं म्हंजे फ्रेम. आपण मेंढरांच्या पाठीवर रंग लावतो न्हवं, तशी तिच्यावर खूण असती. स्विच खूण बघतो आन् ज्याची त्याच्या वाड्यात सोडतो."

"खूण वळखीची नसली तर?"

"तर समद्या दारांनी सोडतो. ज्याची आसंल त्यो घेईल."

"म्हंजे येडंच हाय की," आबा म्हणाले.

तेवढ्यात मालक इंद्रजित दारात आले. "बिरदेव, परदेशचा माल भरून उभा हाय. गेटपास निघाला की गाडी सुटंल. आज लाईन बंद पडली तर तू आटपाडीलाच जा, मेंढरं राखायला."

मालक गेले. "मेंढरं राखणं शिवी कवापास्नं झाली रं?" आबांनी विचारलं. बिरदेव गेटवरचा संगणक तपासायला पळाला.

आबा एकटे उरले. स्विचमधून एक वायर लोंबत होती, एक टोक भोकात, दुसरं जमिनीवर. सुटं दावं बघून जो ते बांधत न्हाई, तो धनगर कसला! आबांनी टोक उचललं. शेजारीच रिकामं भोक होतं. त्यात खुपसलं, उरल्या वायरीला कोकराच्या दाव्याची गाठ मारली आणि समाधानानं तंबाखू मळायला घेतली.

गेटवरच्या पडद्यावर चाक फिरायला लागलं ते थांबेना. ऑफिसातून ओरडा झाला. मालकांचा आवाज तर थेट ट्रकमागून आला.

बिरदेव धापा टाकत परतला. स्विचचे सगळे दिवे एकसाथ पिसाळले होते. एका दारातून सोडलेली हाळी दुसऱ्या दारातून परत येत होती, आणि येडं डबडं तिला नवी समजून पुन्हा साऱ्या दारांनी पिटाळत होतं. त्याचं लक्ष गाठीकडं गेलं. तशी गाठ तालुक्यात एकच माणूस मारायचा.

"आबा!"

"सुटं हुतं रं."

बिरदेवनं टोक उपसलं. दिवे शांत झाले. आबा कौतुकानं बघत गुणगुणले,

"गोल गोल वाट, तिला टोक घावंना
मेंढीमागं मेंढी, कुणी घरी जाईना."

बाहेर गेटपास निघाला. ट्रकचा भोंगा वाजला. मागोमाग लालबुंद मालक आत आले. "कुणाचं काम हे?"

बिरदेवनं तोंड उघडलं, पण आबांनी आधीच हात वर केला. "माजं. पर मालक, एवढा कळप, आन् दारात कुत्रं न्हाई?"

मालकांनी बिरदेवकडं बघितलं.

"हाय," बिरदेव पुटपुटला. "आशी गोल वाट दिसली की एक दार बंद करायची सोय स्विचमधीच हाय. म्याच चालू केली न्हवती."

"मग सोड की त्याला! गाडी गेली म्हणून वाचलास," मालक म्हणाले. "आणि आबा, तुमी हात घोंगड्यात ठेवा."

बिरदेवनं सोय चालू केली. मालकांची पाठ वळताच आबांनी टोक पुन्हा त्याच भोकात खुपसलं. बिरदेव ते उपसायला झेपावला. पण त्या बंद दाराचा एकच दिवा पिवळा झाला, बाकीचे आपापल्या ठेक्यात लुकलुकत राहिले.

"बसलं बघ कुत्रं दारात," आबा म्हणाले आणि घोंगडं झटकून उठले. "मेंढरंच राखतूस की. ऱ्हा हितंच."