सगळं बेस हाये!

राळेगाव तालुक्यातल्या एका गावात बबनरावांचं तीन खोल्यांचं घर आहे. त्यातल्या दोन खोल्यांत गेल्या वर्षीचा कापूस राहतो आणि उरलेल्या एका खोलीत माणसं. परगावच्या माणसाला हे वाचून हसू येईल, पण कापसाच्या मुलखात राहणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. कापूस वेचून झाला तेव्हा भाव पडलेला होता. थोडं थांबू, वाढेल, असं म्हणत तो घरात रचला. होळी गेली, पोळा गेला, दिवाळीला नवी बोंडं फुटली, तरी जुना कापूस आपला घरातच.

पूर्वीही कापूस घरात यायचा. शेतात सीतादही व्हायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवून पहिली वेचणी सुरू व्हायची. घरी आलेला कापूस माहेरी आलेल्या लेकीसारखा चार दिवस राहायचा आणि निघून जायचा. संकलन केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागायची, रांगेतच तीन दगडांच्या चुली पेटायच्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत राहायच्या. त्रास तेव्हाही होता, पण कापूस घरात वर्षभर मुक्काम करत नसे.

आता त्या कापसात किडे झाले होते. अंगाला खाज सुटायची. मोठ्या माणसांनी खोबरेल तेल लावून दिवस काढले, पण सात वर्षांच्या अर्पिताला ते सोसेना. अर्पिता ही बबनरावांची नात. तिचे आईवडील पुण्याजवळच्या एका कारखान्यात कामाला होते, दहा बाय दहाच्या खोलीत आणखी दोघांसोबत राहत होते. म्हणून पोर आजीजवळ. आजीचं नाव इंदुताई. अर्पिताशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. पण पावसाळ्यापासून पोरीला खोकला लागला. छातीत शिट्टी वाजायची. राळेगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "घरात कापूस आहे का?" इंदुताईंनी मान हलवली. डॉक्टर म्हणाले, "एक तर कापूस घराबाहेर काढा, नाही तर पोरीला घराबाहेर ठेवा. तिसरा उपाय माझ्याकडे नाही."

घरी आल्यावर इंदुताईंनी नवऱ्याला सांगितलं, "अवो, इकून टाका आता. मातीमोल जाऊ द्या."

"पागल झाली काय? पिवळा पडला म्हून व्यापारी त्याले निम्म्यात मांगून राह्यला. विधानसभेचं इलेक्शन येऊन राह्यलं. इलेक्शनच्या तोंडावर भाव वाढतेच. सरकारले मतं लागतेत ना!"

असा बबनरावांचा भाव आणि मत यांचा हिशेब होता. गावातल्या निम्म्या घरांचा तोच होता.

भाऊबीजेला बबनरावांची थोरली बहीण विमलताई दारव्ह्याहून आली. बसायला जागा शोधत तिने तिन्ही खोल्यांत डोकावून पाहिलं आणि शेवटी अंगणातल्या खाटेवर जाऊन बसली.

"काय बबन, भावजय आधी कापसाले जेवाले वाढते, का आपल्याले?"

"बाई, आल्या आल्या सुरू नको होऊ."

"सुरू कायले होऊ? मले झोपाले गंजी दाखव फक्त. कापसाची नाही, कडब्याची!"

अर्पिता हसली आणि हसता हसता खोकू लागली. खोकला थांबेना. विमलताई तिची पाठ चोळत राहिली.

दोन दिवसांनी अंगणाच्या फाटकाशी एक मुलगी उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल, पायात धुळीने भरलेल्या चपला. तिचं नाव ममता. एका कंपनीसाठी ती गावोगाव फिरून मतदारांची मतं विचारत होती.

कोणी आलेलं दिसताच इंदुताईंनी पहिल्यांदा काय केलं, तर कापसाच्या खोल्यांची दारं ओढून घेतली आणि अर्पिताला तिसऱ्या खोलीत बसवून तेही दार लावलं. मग पाणी दिलं, चहा टाकला, दिवाळीची करंजी बशीत ठेवली. परक्या माणसापुढे घराचं उणं दाखवायचं नाही, हे वळण त्यांना आईने लावलं होतं.

"कुठची वो बाई तू?"

"पुसदकडची, काकू. आमचा तांडा हाये तिकडं."

"मंग आपलीच हायेस. खाय ती करंजी."

ममताने मोबाईल उघडला. "काका, महागाई, पिकाचा भाव, रोजगार, रस्ते. याच्यात तुमच्यासाठी सगळ्यात मोठा प्रश्न कोणता?"

बबनरावांनी मिशीवरून हात फिरवला. "प्रश्न? प्रश्न काही नाही बाप्पा. सगळं बेस हाये."

"कापसाच्या भावाबद्दल समाधानी हाये, का असमाधानी?"

बबनरावांनी बंद दारांकडे पाहिलं. तेवढ्यात इंदुताईंनी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "समाधानी म्हना. सरकारकडूनच आली असन. माहा सरकारी योजनेचा महिन्याचा हप्ता बंद होईन."

ममताला ते ऐकू गेलं. "काकू, मी सरकारची नाही. कंपनीची हावो."

"त्या मोबाईलमंदी आमचं नाव जाते का नाही?"

"गावाचं जाते. नाव आमी—"

"मंग झालं. समाधानी लिही."

बंद दारामागून खोकल्याचा आवाज आला. ममताने मान वर केली. "कोण आजारी हाये?"

"नात हाये. थंडीचा खोकला."

"काकू, तुमच्या केसाले कापूस लागला."

"वावरातून आली ना आताच." इंदुताईंनी घाईने पदर डोक्यावर घेतला. सकाळपासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या.

ममता थोडा वेळ बोट मोबाईलवर ठेवून बसली. मग तिने ते दाबलं, चहाचा कप विसळून ठेवला आणि पुढच्या घराकडे गेली. पुढच्या घरातही चहा होता, आणि त्यांचंही सगळं बेस होतं.

इतका वेळ विमलताई तुरीच्या शेंगा सोलत गप्प होती. फाटक लागल्यावर ती उठली.

"बबन, तुह्या घरात पोरीले श्वास घ्याले जागा नाही, अन् तू समाधानी?"

"बाई, बाहेरच्यापुढं रडगाणं गाऊन काय भेटते? आपली इज्जत जाते."

"इज्जत? माय आपली कशी होती, आठोते का? मत मांगाले जीप आली का पोरं बिल्ल्यासाठी मांगं पळत, अन् माय रिकामी घागर घेऊन जीपीच्या आडवी उभी राहे. 'आधी हिरीत पाणी दाखव, मंग हात जोड', असं तोंडावर म्हने. त्याले भाकर बी तिनंच वाढली, अन् सुनावलं बी तिनंच. तिची इज्जत गेलती का?"

बबनराव तिने सोललेल्या शेंगांची टरफलं गोळा करू लागले.

"तो जमाना गेला, ताई," इंदुताई म्हणाल्या. "आता हप्ता येते. तो थांबला त पोरीचं औषध कुठून आनू?"

"इंदू, तो पैसा कोनाच्या घरचा हाये? तू काडीपेटी घेतली, साबन घेतलं, तवा त्याच्यावर कर भरते. त्याच्यातलाच येते तो. तुह्याच पैशासाठी तू गप बसून राह्यली!"

इंदुताईंना ते पटलं. पण पटणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं.

आठवड्याने एका वाहिनीवर मतदारांचा कौल झळकला. रंगीत नकाशावर आपला भाग हिरवा दिसत होता. बातमी देणारी मुलगी हसत सांगत होती की इथले कापूस उत्पादक भावाबद्दल मोठ्या प्रमाणात समाधानी आहेत. बबनरावांच्या हातातला घास हातातच राहिला. शेजारी नेमसिंगच्या घरीही टीव्ही चालू होता. नेमसिंगने तो खटकन बंद केला.

इंदुताईंनी ममताचा नंबर शोधून काढला. जाताना तिनेच तो दिला होता.

"बाई ममता, माहं उत्तर बदल वो. मी खोटं बोलली."

पलीकडून ममता म्हणाली, "काकू, मले समजलं होतं. पण तुमी जे सांगसान तेच भरा लागते. आता तो सर्वे गेला. बदलत नाही."

"काहीच करता येत नाही?"

"नाही, काकू. माही याडी, म्हंजे माय, बी असंच करते. आमच्या घरी बी दुसरी पोरगी आलती, याडीनं तिले सांगितलं, आमाले काई तरास नाही. आई लोकाइले कोनं शिकवलं हे?"

त्या रात्री अर्पिताला झोपेत धाप लागली. तिला छातीशी उभं धरून इंदुताई अंगणात बसून राहिल्या.

प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत एक उमेदवार गावात आला. पुढे मोटारसायकली, मागे ढोल. या वेळी बोलायचंच, असं बबनरावांनी ठरवलं होतं. विमलताईने त्यांच्याकडून दोन दिवस घोकून घेतलं होतं: हमीभावाने खरेदी कधी सुरू होणार, जुन्या कापसाचं काय, बाहेरच्या देशातून कापूस का आणता. बबनराव धुतलेली टोपी घालून पहिल्या ओळीत उभे राहिले. उमेदवार हात जोडत आला आणि त्यांच्यासमोर थांबला.

"काय काका, कसं काय चाललंय?"

बबनरावांनी तोंड उघडलं, आणि जन्मभराच्या सवयीने त्या तोंडातून शब्द आले, "सगळं बेस हाये, साहेब."

उमेदवार मागे वळून माईकवर म्हणाला, "पाहा! सर्वेत आलं तेच काका सांगताहेत!" टाळ्या पडल्या. बबनरावांचे ओठ हलत होते, पण ढोल पुन्हा सुरू झाला होता.

"बेस नाही!"

ढोल थांबला. इंदुताई बायांच्या घोळक्यातून पुढे आल्या होत्या. आवाज फाटत होता.

"काहीच बेस नाही, साहेब! खोटं बोललो आमी! या, घरात येऊन पाहा!"

आणि ज्या दारांमागे त्यांनी वर्षभर आपलं उणं झाकलं होतं, ती दारं त्यांनी मागोमाग आलेल्या साऱ्या गावासमोर उघडली. आढ्यापर्यंत पिवळसर कापूस होता. तिसऱ्या खोलीत गोधडीवर अर्पिता बसली होती, खांदे वरखाली होत होते. उमेदवार उंबऱ्याशी थांबला. माणूस वाईट नसावा, त्याचाही चेहरा उतरला.

"काकू, हे फार वाईट आहे. पण तुम्ही हे आधी का नाही सांगितलं? आमच्याकडे तर अहवाल आहे की या तालुक्यात भावाचा प्रश्नच नाही. जाहीरनामाही छापून झाला." त्याने घड्याळ पाहिलं. "बघू आपण. लक्षात ठेवतो."

तो गेला. दोन दिवसांनी दुसऱ्या पक्षाचा आला. त्याने दाराशी उभं राहून फोटो काढून घेतला. फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. कापूस जागचा हलला नाही.

संध्याकाळी गल्लीतल्या बाया इंदुताईंकडे आल्या. मानीबाई हळूच म्हणाली, "बोलली त बरं केलं, माय. पण तुह्यापायी साऱ्याइचा हप्ता थांबला त?"

"आमच्या बी घरात कापूस हाये," दुसरी म्हणाली, "पण मी नाही बोलनार, बाप्पा."

इंदुताईंना तिचा राग आला नाही. दहा दिवसांपूर्वी त्या स्वतः तशाच बोलत होत्या.

मतदान झालं. बबनराव आणि इंदुताई दोघांनी जाऊन मत दिलं. निकाल लागला, गुलाल उधळला, फटाके वाजले. भाव होता तिथेच राहिला. जुना कापूस आता विकायचा म्हटलं तर व्यापारी खेपेचं भाडंही निघणार नाही असा भाव सांगत होता, आणि नव्या कापसालाही घरातच जागा करावी लागणार होती. आता वाट पाहण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन उपायांपैकी एकच उरला.

विमलताई अर्पिताला दारव्ह्याला घेऊन गेली. बबनराव फाट्यापर्यंत सोडायला गेले. एसटीच्या खिडकीतून अर्पिताने विचारलं, "आबा, मी कवा येऊ?" बबनरावांनी खिडकीच्या गजांतून तिचा हात धरला. बहिणीकडे पाहून ते इतकंच म्हणाले, "बाई, मी तवाच बोललो असतो त?"

"तरी भाव वाढला असता का नाही, मले नाही सांगता येत, बबन," विमलताई म्हणाली. "पण आपल्याले दुखते, हे त कळलं असतं ना कोनाले."

त्यानंतरच्या ग्रामसभेला बबनराव गेले. आयुष्यात पहिल्यांदा उठून उभे राहिले आणि अडखळत, घाम पुसत आपल्या घरातली हकीकत त्यांनी सांगितली. नऊ-दहाच माणसं होती. सचिवाने नोंद घेतली. पुढे त्या नोंदीचं काही झालं नाही. पण बबनरावांच्या मागोमाग नेमसिंग उठला आणि म्हणाला, "माह्या बी घरी तसंच हाये."

वाचकहो, आपल्या मुलखात दारी आलेल्याला पाणी देतात, हसून बोलतात आणि घरातलं दुःख त्याच्यापासून झाकतात. हे वळण सुंदर आहे, ते सोडू नये. पण आपलं मत विचारायला जो येतो आणि आपलं मत मागायला जो येतो, ते दोघे पाहुणे नसतात. त्यांच्यापुढे संकोचाने किंवा हप्त्याच्या भीतीने आपण 'सगळं बेस हाये' म्हटलं की तेच कागदावर चढतं, त्यावरच धोरणं ठरतात आणि आपलं दुःख घरच्या घरात कुजत राहतं. खरं बोलल्याने ते लगेच दूर होईल, अशी खोटी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. तरीही बोला. खरं सांगणं हे मत देण्याइतकंच आपलं कर्तव्य आहे, आणि ते मतदानाच्या पुष्कळ आधी करावं लागतं.