सत्तर किलोंचे जावईबापू

मी एक जुना पुतळा आहे. चौकात उभा राहतो तसला नव्हे. मी अग्निशमन केंद्रात जिन्याखाली पडून असतो. जाड कापडाचे माझे अंग, आत वाळू, वजन सत्तर किलो. आगीत बेशुद्ध पडलेल्या माणसाला बाहेर कसे काढायचे, याचा सराव जवान माझ्यावर करतात. स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही आणि इतरांनी उचलून न्यायचे, म्हणून ते मला 'जावईबापू' म्हणतात. मित्रांनो, मी आजवर कुणाचाही जीव वाचवलेला नाही. माझा मात्र हजारेक वेळा वाचवला गेला आहे.

ताडपत्री शिवणाऱ्या एका कारागिराने मला बनवले. "ओढायलाच नेणार ना? मग नाकडोळे कशाला?" असे म्हणून त्याने माझा चेहरा कोराच ठेवला. मला त्याचे दुःख नाही. माझे दुखणे काखेत आहे. सगळे जण तिथेच हात घालून ओढतात, त्यामुळे शिवण पुन्हा पुन्हा उसवते. केंद्राचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी दाभण घेऊन ती शिवतात आणि शिवताना सगळ्यांना बोल लावतात.

आमच्या केंद्रात एक जवान होता. सगळे त्याला हरीण म्हणत. अकरा वर्षे तो रोज पहाटे मैदानाला त्याच वीस फेऱ्या मारी. ऊन असो, पाऊस असो, खंड नाही. साहेब नव्या जवानांना त्याचे उदाहरण देत. तोही कौतुकाने फुगला होता.

मग नवी चाचणी आली. जिन्याने तिसऱ्या मजल्यावर जायचे आणि मला घेऊन चार मिनिटांत खाली यायचे. हरीण सगळ्यांआधी वर पोचला. त्याने मला उचलले, सात पायऱ्या उतरला आणि त्याच्या पाठीत उसण भरली. मी जिन्यातच राहिलो.

"साहेब, मी रोज आठ किलोमीटर धावतो!" तो कळवळून म्हणाला.

"वर पोचलास, ते बघितलं. पण एकटाच खाली आलास, त्याचं काय?" साहेब म्हणाले. दोन महिन्यांनी पुन्हा चाचणी ठरली. तीही हुकली तर त्याला बंबावरून उतरवून कायमचे फोनवर बसवणार होते.

त्या दुपारी मावशी माझी काख शिवत होत्या. हरीण शेजारी पाठ शेकत बसला होता.

"रोज एकाच जागी ताण दिला की एवढं जाड कापडही उसवतं," मावशी म्हणाल्या. "आणि तुझे पाय तेवढे ड्युटीवर, बाकी सगळं अंग रजेवर!"

"मग काय, धावणं सोडू?"

"सोडतोस कशाला? आठवड्यातले दोन दिवस धाव. पाठ बरी झाली की बाकीचे दिवस माझी बटाट्याची पोती वरच्या कोठीत नेऊन टाक."

पाठ बरी झाल्यावर त्याने खरेच वेळापत्रक मोडले. एक दिवस धावणे, एक दिवस बैठका, एक दिवस पोती, एक दिवस दोराला लोंबकळणे. "हरणाचा हमाल झाला," म्हणून मित्र हसले. पहिल्या आठवड्यात त्याचे हात असे कापत की चहा बशीत सांडे. दुसऱ्या चाचणीत तो मला तीन मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंदांत खाली घेऊन आला. साहेबांनी आकडा लिहिला आणि ते पुढच्या जवानाकडे वळले.

त्यानंतर काही महिन्यांनी एका इमारतीला आग लागली. तिथे मी नव्हतो. पण पुढच्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका केंद्रात आल्या. हरणाने त्यांना चौथ्या मजल्यावरून खाली आणले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"याचं वजन किती?"

"सत्तर किलो, बाई."

"म्हणजे मी याच्याहून दोन किलो जास्तच," म्हणत त्या हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. हरीण पाणी आणायला गेला. माझ्यात वाळूच आहे, पण त्या दिवशी मला फार बरे वाटले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला मावशी आहेत. पण जो व्यायाम तुम्हाला सोपा जातो, तोच रोज करून खूश होऊ नका. पायांइतकेच काम पाठीला द्या, खांद्यांना द्या, हातांना द्या, आलटून पालटून द्या. कुणाला, कधी आणि कोणत्या मजल्यावरून उचलून आणावे लागेल, ते आधी कुणीच सांगत नाही.