दुसऱ्याच्या मापाचा आवाज

थिएटरात तिला सगळे ‘दाई’ म्हणत. सव्वीस वर्षांत तिने ऑपेरातल्या इतक्या दाया, दासी, चेटकिणी आणि विधवा आया गायल्या होत्या, की नायिकेला मरताना मांडीवर घ्यायला कोणी हवे असले म्हणजे संचालक मान वर न करताच तिचे नाव लिहून मोकळे होत. तिचा आवाज खालच्या पट्टीतला. गडद, जाड विणीचा, थंडीच्या दिवसांत खांद्यावर ओढून घ्यावा असा. अशा आवाजाच्या वाट्याला ऑपेरात प्रेम येत नाही. दुसऱ्यांच्या प्रेमाचे निरोप पोचवणे येते. फुले आणि टाळ्या ‘राणीसाहेबां’च्या, म्हणजे मुख्य नायिकेच्या. दाईने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. केली असती तरी कोणापुढे? आवाज काही अर्ज करून बदलून मिळत नाही.

चाळिशी उलटल्यावर ती शिकवू लागली. घरातली पुढची खोली तिने त्यासाठी मोकळी केली होती. तीत एक पियानो, दोन खुर्च्या आणि गाताना जबडा कुठे अडतो ते विद्यार्थिनीला दिसावे म्हणून लावलेला एक उभा आरसा, एवढेच सामान. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. वरच्या ‘आ’कारामुळे आपल्या रोग्यांची तोंडे आपोआप उघडतात, असे ते डॉक्टर जिन्यात भेटले की न चुकता सांगत, आणि दाई न चुकता हसे.

तिची शिकवण्याची रीत ठरलेली होती. पाच सूर चढायचे, पाच उतरायचे, मग अर्ध्या सुराने वर सरकून पुन्हा तेच. एका ठरावीक सुरापाशी पोचले की ती हात वर करी आणि सारे मागे फिरे. त्या जागी तिच्या गळ्याची शेवटची पायरी होती. तिला शिकवणाऱ्या बाईंनी तिला तिथेच थांबवले होते, तिने सगळ्यांना तिथेच थांबवले. उंच आवाजाच्या मुली ती घेतच नसे. ते आपले काम नव्हे, म्हणून सरळ दुसरीकडे पाठवी.

आणि टाचणीला तिने घेतले होते. टाचणी म्हणजे थिएटरच्या कपडेपटातल्या मावशींची मुलगी. अंगाने किडकिडीत, बोलायला तिखट, आणि लहानपण सारे कपडेपटातल्या टाचण्यांच्या डब्यांशी खेळण्यात गेलेले. नाव आपसूकच पडले. कपडेपटाच्या भिंतीवर एक स्पीकर होता, त्यातून रंगमंचावरचे गाणे खाली ऐकू येई. मावशींचे काम मुख्यतः दासी-दायांच्या कपड्यांचे, त्यामुळे दाईचे प्रवेश सुरू झाले की त्या स्पीकर मोठा करीत. गाणे म्हणून त्या पोरीच्या कानांवर पहिल्यांदा जे पडले, ते दाईचे होते. सतराव्या वर्षी ती दाईपुढे उभी राहून गायली, तेव्हा दाईला वाटले, आपलाच तरुण गळा कोणीतरी जपून ठेवला होता आणि आज आणून दिला. त्या दिवशी तिने मुलीला मिठी मारली होती. असे ती सहसा करीत नसे.

तीन वर्षे झाली. आता थिएटरात नव्या गायकांची परीक्षा होती, आणि जागा एकच. टाचणीच्या अर्जावर ‘खालची पट्टी’ असे लिहिले होते, गाणेही तसेच निवडले होते. या हंगामानंतर दाई निवृत्त होणार होती; तिच्या भूमिका टाचणीकडे जाणार, हे कोणी बोलले नसले तरी सगळ्यांनी गृहीत धरले होते. जागा मिळाली नाही, तर टाचणी आईसोबत कपडेपटात कायमची नोकरी धरणार होती. तसा शब्द मावशींनी तिच्याकडून घेतला होता. अर्ध्या तासाच्या सरावाने तिचा गळा शिणे, दुखे. दाई म्हणे, मेहनत कमी पडते आहे. टाचणी मान हलवी आणि कोमट पाणी पिऊन पुन्हा उभी राही.

परीक्षेला एकोणीस दिवस उरले असताना दाईचा घसा बसला. सकाळच्या शिकवणीला तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिने मास्तरांना, म्हणजे पियानोची साथ करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना, खुणेने सांगितले की मुलीचा गळा तुम्हीच तापवा, आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावर वाकून, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत बसली.

मास्तरांना सकाळचे वर्तमानपत्र पियानोवर उभे करून वाचण्याची खोड होती. बोटे आपली चालत, डोळे बातम्यांवर. एरवी दाईचा हात वर झाला की ते थांबत. त्या दिवशी हात नव्हता. पाच सूर वर, पाच खाली, अर्धा सूर पुढे. ठरावीक जागा आली आणि गेली. मास्तर पान उलटीत होते, आणि टाचणी आरशाकडे तोंड करून पियानोच्या मागोमाग निघाली होती.

टॉवेलखाली दाईला आधी वाटले, जिन्यात दुसरी कोणी मुलगी गाते आहे. आवाज पातळ झाला नव्हता, ओढला गेला नव्हता. अंधाऱ्या बोळातून चालणारे माणूस अचानक चौकात यावे, तसा तो रुंद आणि हलका झाला होता. तिने नेहमीच्या थांब्यापुढच्या सुरांच्या पायऱ्या मोजल्या. एक, दोन, तीन. पाचव्या पायरीला तिने टॉवेल काढला. तिचा चेहरा ओला होता, आणि त्यातले सगळे काही वाफेचे नव्हते.

ती दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा मास्तरांना भान आले आणि ते ओशाळून थांबले. टाचणी मात्र हसत होती.

“बाई, वर गेलं ना, की दुखत नाही,” ती म्हणाली. “मला वाटायचं, सगळ्यांचंच तसं असेल.”

दाईने हाताने पुरे म्हणून दोघांना वाटेला लावले. तब्येतीचे निमित्त होतेच.

दिवसभर ती त्या खोलीत बसून राहिली. काय झाले आहे ते तिला लख्ख कळले होते. पोरीचा गळा मुळात उंच, आणि ती लहानपणापासून दाईची नक्कल करून तो खाली दाबत आली. ती नक्कल दाईने ओळखायला हवी होती. दुसऱ्या कोणाची असती तर चार सुरांत ओळखली असती. पण आपले प्रतिबिंब कोणाला खोटे वाटते? आता गप्प राहिले तर? ही नक्कल इतकी हुबेहूब होती, की परीक्षक खूश होतील, जागा मिळेल. मग आठ-दहा वर्षांत गळा फाटेल. असे फाटलेले गळे दाईने पाहिले होते. त्यातले दोघे आता थिएटरच्या दाराशी तिकिटे तपासत. आणि खरे सांगितले तर तीन वर्षांचे काम पाण्यात, परीक्षा हातची गेलेली, आणि निवृत्तीनंतर ज्या शिकवण्यावर दिवस काढायचे त्या शिकवण्याची अब्रूही चव्हाट्यावर. संध्याकाळी एकदा तिने पियानोचे झाकण उघडले आणि न वाजवताच मिटले.

दुसऱ्या दिवशी ती कपडेपटात गेली. टाचणी इस्त्री करीत होती. मावशी एका घागऱ्याची कड दुमडत होत्या. त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या. दाईने बसल्या आवाजात, काही न लपवता, सगळे सांगितले. मावशींनी एकेक टाचणी ओठांतून काढून उशीत खोवली.

“म्हणजे तीन वर्षं तुम्ही माझ्या पोरीला दुसऱ्याच्या मापाचं घालून फिरवलंत.”

“दुसऱ्याच्या नाही. माझ्याच.”

“आणि तुम्हाला ते दिसलं नाही?”

“दिसायला छान दिसत होतं,” दाई म्हणाली. “मला ते आवडत होतं, मावशी. तिथेच चुकलं.”

मावशींनी घागऱ्याची कड उलटून पाहिली. मग त्यांनी त्यांच्या कामातला प्रश्न विचारला. “काही कापलंय, की नुसतं टाके घालून आवळलंय?”

“कापलेलं नाही. काल ऐकलं मी.”

“मग उसवा. आणि जपून उसवा. घाईत उसवणाऱ्या बाया कापड फाडतात.”

टाचणीने मात्र इस्त्री खाली ठेवली नाही. उंच गाणे अठरा दिवसांत बसणार नाही, आणि खालचे तर पाठ आहे, असे तिचे म्हणणे होते. “मला जागा हवीय, बाई. दुखलं तर दुखलं.” त्या बोलण्यात राग होता, आणि तो बरोबर होता. दाईने तिला अडवले नाही. परीक्षेत काय गायचे ते तू ठरव, एवढेच ती म्हणाली. फक्त रोज अर्धा तास वरचे गाऊन बघ.

पहिले चार दिवस टाचणी हटवाद्यासारखी आली. खालचे गाई आणि उरकल्यासारखा वरचा अर्धा तास करी. मास्तर आता वर्तमानपत्र आणीत नसत. पाचव्या दिवशी अर्ध्याचा तास झाला आणि कोणाच्या लक्षात आले नाही. आठव्या दिवशी टाचणी खालचे गाणे गाता गाता मध्येच थांबली. गळ्याला हात लावून ती आरशात पाहत राहिली. मग मास्तरांना म्हणाली, “एखादं साधं, छोटं वरचं गाणं काढा ना. ते गाते मी. नापास झाले तर झाले.” दाईने खिडकी उघडण्याचे निमित्त करून तोंड फिरवले.

परीक्षेच्या दिवशी थिएटर अर्धे अंधारात होते. समोरच्या रांगेत वाद्यवृंदाचे संचालक, राणीसाहेब आणि आणखी दोघे. संचालकांनी अर्ज पाहिला, रंगमंचावरच्या मुलीकडे पाहिले, आणि ती गाऊ लागताच अर्ज पुन्हा पाहिला. गाणे संपल्यावर त्यांनी विचारले की कागद चुकला आहे की मुलगी.

टाचणीने तोंड उघडण्याआधी मागच्या रांगेतून दाई उठली. चूक कागदाची नाही, मुलीची नाही, आपली आहे, असे तिने सांगितले. रंगमंचावर सव्वीस वर्षे ती कधी इतक्या उजेडात उभी राहिली नव्हती, असे तिला वाटले, आणि तिथे तर उजेड नव्हताच.

“दाई, तीन वर्षं तुझे कान कुठे गेले होते?” संचालकांनी विचारले. कोणीतरी हसले.

“कान जागेवर होते, साहेब. मी तिच्यात मलाच ऐकत होते.”

मग कोणी हसले नाही.

जागा मिळाली एका उंचपुऱ्या तरुणाला, आणि रास्तपणे. टाचणीचा आवाज अजून कच्चा आहे, वरच्या दोन सुरांना थारा नाही, असे संचालकांनी तोंडावर सांगितले. पण त्यांनी कागद परत दिला नाही. ‘खालची पट्टी’ हे शब्द खोडून त्यांनी काहीतरी लिहिले: पुढच्या हंगामापासून कोरसमध्ये, उंच आवाजांच्या रांगेत, अर्धा वेळ, वर्षभराने पुन्हा ऐकू. पडद्याआड उभ्या असलेल्या मावशींनी पुढे येऊन हिशेबीपणाने विचारले की उरलेला अर्धा वेळ कपडेपटाचा का, आणि टाचणी हो म्हणाली. मावशींनी तिच्याकडून घेतलेला शब्द अर्धा सोडला.

बाहेरच्या पायऱ्यांवर दाईने राणीसाहेबांना गाठले आणि मुलीला तुम्ही शिकवा, अशी विनंती केली.

“पंचवीस वर्षं माझ्या पाठीचे बंद बांधलेस,” राणीसाहेब म्हणाल्या, “आणि मागितलंस काय, तर दुसऱ्याच्या पोरीसाठी. मी ओरडते हं शिकवताना.”

“ओरडा. आणखी एक मागायचंय. मी मागे बसेन, वही घेऊन. वरचं कसं शिकवतात ते मला येत नाही.”

राणीसाहेबांनी तिच्याकडे नीट पाहिले, थट्टा करायला तोंड उघडले आणि केली नाही. मंगळवारी दहाला या, म्हणाल्या. दोघीही.

त्या मंगळवारी राणीसाहेब खरोखरच ओरडल्या, बहुतेक सगळे दाईवर. वही बंद कर, उभी राहा, पोरीच्या बरगड्यांवर हात ठेवून बघ, म्हणून. सत्तावन्नाव्या वर्षी रागे भरून घेताना दाईला लाज वाटेल असे वाटले होते. लागली ती भूक; चांगल्या कामानंतर लागते तशी.

परतीच्या रस्त्यावर टाचणी दोन पावले पुढे चालत गुणगुणत होती. श्वास पाठीत भरतो म्हणजे नेमका कुठे, हे आपल्याला काही उमगले नाही, असे दाईने कबूल केले. टाचणी थांबली. शेजारून माणसे जात होती, कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होते.

“चालता चालता नाही कळायचं, बाई,” ती म्हणाली आणि दाईच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली. “इथे भिंतीला पाठ लावा. हं. आता श्वास घ्या, आणि भिंतीला मागे ढकला.”

दाईने भररस्त्यात भिंतीला पाठ लावली आणि श्वास घेतला.

“अजून,” टाचणी म्हणाली. “अजून जागा आहे.”