मानेची आणेवारी

दर्यापूरकडच्या खुशालरावांचं डोकं सहा वर्षं दुखत होतं, आणि त्यात डोक्याचा काही दोष नव्हता. दुखणं मानेतून निघे, कानामागून चढे आणि डोळ्यावर येऊन बसे. मान वळत नसे. मागून कोणी हाक मारली, की खुशालराव बैलगाडीसारखे अख्खे वळत.

अमरावतीच्या डॉक्टर मोरोपंतांनी कवटीखाली एका जागी बोट दाबलं. खुशालरावांना आई आठवली.

"हीच नस," डॉक्टर म्हणाले. "आज दोन तासांपुरती बधिर करतो. दुखणं बारा आण्यांहून जास्त उतरलं, तर शुक्रवारी अल्कोहोलची सुई देऊन जाळून टाकू. कमी उतरलं, तर चोर दुसरा. मग मी हात लावणार नाही."

सुई टोचली. पाव तासात डोकं रिकामं झालं. डॉक्टर कागद-पेन्सिल घेऊन आले.

"किती आणे उतरलं?"

खुशालरावांच्या गावात कागद-पेन्सिल घेऊन आणे विचारणारा एकच, पटवारी. सोळा आणे म्हणजे पुरं पीक. सहाच्या वर गेलं की शेतसाऱ्यात सूट नाही. तीस वर्षांत खुशालरावांनी पाचाच्या पुढे पीक कबूल केलं नव्हतं.

"पाच," ते म्हणाले.

"पाचच?"

सोळा म्हणायचं होतं. पण जीभ सहावर चढेना. "ओढूनताणून साडेपाच."

डॉक्टरांनी कागद मिटला. शुक्रवारची सुई हुकत होती.

"डॉक्टरसाहेब, याइले नका इचारू," त्यांच्या बायकोनं, चतुराबाईनं, सांगितलं. "कागद पाह्यला की याइचं पीक बुडते. तुमी उभं पीक पाहा." ती नवऱ्याच्या पाठीमागे दाराशी गेली. "अजी, बैल सुटला."

खुशालराव स्टुलावरून हलले नाहीत. नुसती मान गर्रकन मागे वळली.

डॉक्टरांनी सोळा लिहिले.

"सोळा जास्त होते, साहेब," खुशालराव कळवळून म्हणाले. शेवटी तेरावर तडजोड झाली.

शुक्रवारी नस जळाली. कवटीची मागची बाजू बधिर झाली. फेटा डोक्यावर आहे की उडाला, हे हात लावून पाहावं लागे. दुखणं मात्र गेलं.

परतीच्या मोटारीत चतुराबाई हळूच म्हणाली, "आता मले तरी खरं सांगा. किती?"

खुशालरावांनी मान पार मागे वळवली. तिसऱ्या बाकावर पटवारी बसला होता.

"पाच," ते म्हणाले.