ओलीचा हात

डोणवाडीत जमिनीची ओल बघायचा मान गुरुपादप्पांचा होता, आणि ते ती डाव्या हातानं बघत. आता डाव्या हातानं आपल्याकडं काय काय करतात ते सांगायला नको, त्यामुळं नव्या माणसाला जरा खटकायचं. पण गुरुपादप्पांचं म्हणणं सरळ होतं. रोज सकाळी आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावून ते गळ्यातलं इष्टलिंग काढत आणि डाव्या तळहातावर ठेवून पूजा करत. ज्या हातावर शिव रोज बसतो त्याच हातानं मातीला विचारावं, असं त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायच्या दिवसांत सगळं गाव त्यांच्या मागं मागं रानात हिंडायचं. आप्पा काळ्या रानात कोपरभर खड्डा घ्यायचे, हात आत घालायचे आणि डोळे मिटायचे. ‘पेरा’ म्हणाले की तिफणी निघायच्या. ‘थांबा’ म्हणाले की थांबायच्या, मग कुणी कितीही चडफडो.

माणूस तऱ्हेवाईक होता. कौतुक केलेलं त्याला आवडायचं आणि आवडतं हे दाखवायचं नसायचं. सत्तरी उलटली तरी धोतराचा काठ मळलेला चालायचा नाही. पण चाळीस वर्षांत त्याचा हात एकदाही चुकला नव्हता, आणि अशा माणसाचे नखरे गाव हसत हसत सोसतं.

त्या साली लातूर जिल्हा झाला. इतके दिवस कागदासाठी उस्मानाबादेला खेटे घालणाऱ्या लोकांनी शिरूरला जाऊन पेढे आणले आणि पारावर वाटले. गुरुपादप्पांनी पेढा तोंडात टाकला, आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, “जिल्हा दिला, लई चांगलं झालं. आता एखादं ढगबी मंजूर करा म्हणावं.” लोक पोट धरून हसले. नंतर मात्र त्या बोलण्याची आठवण निघाली की कुणी हसेना, कारण श्रावणात थांबलेला पाऊस परत आलाच नाही. होती नव्हती त्या ओलीवर शाळू पेरला, तो गुडघ्याएवढा झाला आणि तिथंच अडकला. कणसं निसवलीच नाहीत. माघात लोकांनी तो वैरण म्हणून कापला आणि फाल्गुन लागेपर्यंत जनावरांनी तो संपवला. गायरानावर तर नुसता मुरूम उरला होता. ज्यांना जमलं त्यांनी जनावरं पाव्हण्यांकडं धाडली, ज्यांना नाही जमलं त्यांनी बाजार दाखवला.

चतुराबाईनं गाय ठेवली. चतुराबाई म्हणजे रामकिशनची विधवा. गावाच्या कडेला एका छपरात राहायची. घरात ती आणि ती तांबडी गाय, गंगी. लेक सिंधू मुखेडला दिली होती आणि पहिल्या बाळंतपणाला चैत्रात येणार होती. गंगीचे दिवसही चैत्रातच भरत होते. “दोघी एकदमच मोकळ्या होतील,” चतुराबाई येईल त्याला सांगायची, “माझ्या नातवाला घरचं दूध मिळंल.” त्या दुधाच्या आशेवर तिनं गाय कशी जगवली ते सांगायला लागलं तर ऐकणाऱ्याला खोटं वाटेल. पिंपळाचा पाला ओरबाडून आणला, तो संपल्यावर स्वतःच्या छपरावरचं जुनं पाचट उपसून, पाणी शिंपडून खाऊ घातलं. छपराला भगदाड पडलं, त्यातून ऊन सरळ चुलीवर यायचं. गाईच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा झाल्या होत्या, पण पोट टरारलेलं होतं आणि वासरू आत हालत होतं.

फाल्गुनात, शिमग्याच्या तोंडावर, दोन दिवस अवकाळी पाऊस आला. सडा टाकावा तसा आला आणि गेला. पण आठ-दहा दिवसांत शाळूच्या वाळल्या धसकटांना हिरवे पोंगे फुटले. गुरुपादप्पांची पाणंदीखालची पट्टी तर लांबून हिरवीगार दिसायला लागली. कित्येक महिन्यांत गावानं रानात हिरवं म्हणून काही बघितलं नव्हतं. दावणीची जनावरं तिकडं तोंड करून हंबरायला लागली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं समजायचं नाही. तहानलेल्या धसकटाला फुटलेला कोवळा पोंगा विषारी असतो. तो खाल्ला की जनावराला किराळ लागते आणि अर्ध्या तासात खेळ संपतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण डोणवाडीच्या जुन्या माणसांचा एक ठोकताळा होता. पाऊस खोल मुरून पोंगा खालच्या ओलीवर वाढला असेल तर तो गोड, आणि वरच्या दोन बोटं ओलाव्यावर तगला असेल तर तो जहर. वरून दोन्ही सारखेच हिरवे दिसतात. म्हणून अशा वेळी रान जनावरांना मोकळं करायचं की नाही ते गुरुपादप्पांच्या हातानं ठरायचं. तोवर सगळी जनावरं बांधून.

आणि जे गावाला ठाऊक नव्हतं ते असं, की तो हात मेला होता.

येळवसेच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सणाच्या, आधी कधीतरी पूजेला बसलेले असताना गुरुपादप्पांच्या ध्यानात आलं, की लिंगावर घातलेलं पाणी तळहातावर ओघळतंय पण गार लागत नाही. लिंग हातावर आहे हे डोळ्यांनी दिसत होतं, हाताला कळत नव्हतं. त्यांनी तळहाताला चिमटा काढला, बाभळीचा काटा टोचून बघितला. रक्त आलं, कळ आली नाही. त्यांनी तो हात घाईनं उपरण्याखाली झाकला. कारण त्यांच्या मेव्हण्याचं, मलप्पाचं, असंच सुरू झालं होतं. मलप्पाला महारोग म्हणून शेताच्या बांधावर खोपटात ठेवलं होतं. त्याची ताटली दुरून सरकवणाऱ्यांत गुरुपादप्पा स्वतः होते. तो मेला तेव्हा तोंडात पाणी घालायलाही कुणी जवळ गेलं नव्हतं. ते सगळं या माणसाला आठवत होतं, म्हणून त्यानं तोंड शिवून घेतलं. एकदा चुलीवरचं तापलेलं पातेलं त्यांनी उघड्या डाव्या हातानं उतरवलं तेव्हा बायकोनं, रत्नम्मानं, बघितलं. ती काही बोलली नाही. तेही बोलले नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात न बोलण्याचीही सवय होते.

तर रान हिरवं झाल्यावर एका सकाळी त्या पट्टीच्या बांधावर गुरुपादप्पा, शेजारचा वीरण्णा आणि चतुराबाई एवढी माणसं होती. चतुराबाई गाईचं दावं हाताला गुंडाळून उभी होती. गंगीच्या तोंडातून लाळ गळत होती, मागच्या पायांवर जोर देऊन ती पुढं ओढत होती.

“आप्पा, बघा की जरा,” चतुराबाई म्हणाली. “आता पाचटबी न्हाई राहिलं. तुमी हाव म्हणला तर सोडते.”

गुरुपादप्पांनी खुरप्यानं खड्डा घेतला, बाही सावरली आणि हात आत घातला. डोळे मिटले. आत काहीच नव्हतं. गार नाही, ऊन नाही, माती आहे की वारा आहे तेही नाही. वीरण्णा बघत होता, बाई बघत होती, गाय ओढत होती. ‘मला कळत नाही’ एवढे तीन शब्द. ते ओठांपर्यंत आले आणि त्यांच्या डोळ्यांपुढं मलप्पाची ताटली आली. त्यांनी हात बाहेर काढला. बोटं काळी झाली होती, ओला चिखल चिकटला होता. डोळ्यांना दिसलं ते त्यांनी खरं धरलं.

“हाय ओल,” ते म्हणाले. “हातभर हाय. सोड.”

चतुराबाईनं दावं सोडलं. वीरण्णा बैल आणायला घराकडं पळाला, आणि त्याचं घर गावाच्या पलीकडच्या टोकाला होतं म्हणून त्याचे बैल वाचले. गंगीनं मान खाली घातली ती वर काढली नाही. कचाकच खात होती. ते ऐकून चतुराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुपादप्पांनाही बरं वाटलं, अगदी खरं बरं वाटलं, की सुटलो.

मग गाय थांबली. तिचे मागचे पाय थरथरले, तोंडाला फेस आला आणि ती गुडघ्यावर बसली. चतुराबाई पाणंदीनं ऊर फुटेस्तोवर पळत गेली, किराळीवर उतारा म्हणून घरातला होता तेवढा गूळ पाण्यात कालवून घेऊन आली. तोवर वीरण्णा पोचला होता. त्यानं बैल बाभळीला बांधले आणि गाईचं तोंड उघडून धरलं. गुळाचं पाणी एका बाजूनं गेलं आणि दुसऱ्या बाजूनं आलं. शिरूरच्या जनावरांच्या डॉक्टरांना बोलवायला माणूस निघाला, पण तो वेशीच्या बाहेर पडायच्या आत गाय गेली. पोटातलं वासरू त्यानंतरही थोडा वेळ हालत होतं. चतुराबाईनं त्या पोटावर दोन्ही हात ठेवले होते. हालणं थांबलं तेव्हा तिनं हात काढले.

गावानं आपल्या परीनं उत्तर शोधलं. उपाशी पोटी हावरटासारखं खाल्लं, दुसरं काय. आप्पांच्या हाताचं नाव कुणी काढलं नाही, कुणाच्या मनातही आलं नाही. जाता जाता वीरण्णा म्हणाला, “आप्पा, उद्या मठाकडली पट्टी बघा. तिथलं रान खोल हाय. माझे बैल काय आता फार दिवस काढत न्हाईत.” गुरुपादप्पांनी मान हलवली.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. रत्नम्मा समोर येऊन बसली. “मी बघितलं होतं,” ती म्हणाली. “पातेलं. मी बी बोलले न्हाई.” आणि पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. माणसं पापाची वाटणी करायला बसतात तेव्हा ते निम्मं होत नाही, दोघांनाही अख्खंच येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा न करताच गुरुपादप्पा चतुराबाईच्या छपराशी गेले. खुंट्याला रिकामं दावं अडकवलेलं होतं. शेणाची पाटी कोरडी पडली होती. चतुराबाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि छपराच्या भगदाडातून ऊन तिच्या पाठीवर पडलं होतं.

“या आप्पा, बसा,” ती म्हणाली. त्यांचा चेहरा बघून तिनंच समजूत घालायला घेतली. “तुमी कशाला जिवाला लावून घेताव? तुमचा काय दोस? माझ्याच कपाळात दूध न्हाई.”

एखाद्यानं शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, हे त्यांना सोसेना. शेवटी ते चुलीपाशी वाकले आणि डाव्या हातानं एक लाल निखारा उचलून मुठीत धरला.

चतुराबाई किंचाळली. तिनं हातातल्या उलथन्यानं मुठीवर फटका मारला तेव्हा निखारा पडला. कातडं जळाल्याचा वास छपरात पसरला. गुरुपादप्पांच्या तोंडावर वेदनेची एक रेघ नव्हती.

“कळत न्हाई गं,” ते म्हणाले. “काहीच कळत न्हाई. येळवसेच्या आधीपासून हा हात असाच हाय. मी खोटं बोललो, चतुरा. बोटाला चिखल दिसला आन् म्हणून टाकलं.”

तव्यावरची भाकरी करपली. ती कुणी उलथली नाही. चतुराबाईनं खाली पडलेला निखारा उलथन्यानं चुलीत सारला. मग अगदी हळू म्हणाली, “मी तिथंच हुते की, आप्पा. दावं धरून शेजारी उभी हुते. सांगितलं असतं तर मी घातला असता हात.”

गुरुपादप्पा ओक्साबोक्शी रडले. इतक्या वर्षांत हे त्यांना सुचलंच नव्हतं, की गावात दुसरेही हात आहेत. चतुराबाई उठली, जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, भाजलेल्या हाताला तेल लावलं आणि पट्टी बांधली. ती रागात होती, गाठ मारताना ते दिसत होतं. पण हात मात्र तिनं आपल्या हातात घेतला, आणि दुरून घेतला नाही.

बाहेरून वीरण्णानं हाक मारली. बैल घेऊनच आला होता.

तिघं मठाकडल्या पट्टीत गेले. पोंगे इथंही हिरवेगार होते. वीरण्णानं आप्पांच्या हाताला बांधलेली चिंधी बघितली आणि गोंधळला. गुरुपादप्पा म्हणाले, “आजपासून हिला विचारा. माझा हात गेला.” एवढंच सांगितलं, पण मान वर करून सांगितलं.

चतुराबाईनं खड्डा घेतला. मग थांबून विचारलं, “कोणता घालू?”

गुरुपादप्पांनी आपल्या बांधलेल्या हाताकडं बघितलं. “ज्याला कळतंय तो घाल.”

तिनं उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. डोळे मिटले नाहीत.

“वर गार हाय,” ती म्हणाली. “दोन बोटं. त्याच्या खाली ऊन लागायलंय. राखेवानी भुसभुशीत हाय.”

“मग सांग त्याला.”

तिला ते सांगता येईना. बैल ओढत होते, वीरण्णा कासरा ताणून उभा होता. तिनं बैलांच्या बरगड्यांकडं बघितलं आणि म्हणाली, “थांबा.”

वीरण्णानं बैल वळवले. चतुराबाईनं हात बाहेर काढला आणि समोर धरला. वरच्या ओलीतून आलेला काळा चिखल तिच्या बोटांना चिकटला होता, काल गुरुपादप्पांच्या बोटांना चिकटला होता तसाच, तेवढाच.